हळद विरुद्ध गूळ, कुंडलमार्गे

मी खेळाडूंचे कपडे शिवते. साताऱ्याच्या एमआयडीसीत माझं बारा मशिनांचं युनिट आहे. कबड्डीच्या बनियनी, शाळांचे ट्रॅकसूट, सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या चड्ड्या, सगळं तिथून जातं. इतकी वर्षं हे करून मी एकही सामना बघितला नव्हता. या फेब्रुवारीत बघितला. चार दिवस फिरून परत आले, तर जो तो विचारतो, काय बघितलंस? सांगायला बसते आणि निम्म्यात माझंच मला कळेनासं होतं. म्हणून एकदा क्रमाने लिहून काढते.

सांगलीतल्या हळद आणि गुळाच्या काही व्यापाऱ्यांनी मुलींचा एक बास्केटबॉल सामना ठरवला होता. अमेरिकेत धंदेवाईक खेळाडूंचा असा सामना दरवर्षी होतो म्हणे. वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या संघांतले उत्तम खेळाडू उचलायचे, त्यांचे दोन मिसळ संघ करायचे, आणि त्यातली निवड प्रेक्षकांनी मतं देऊन करायची. तोच प्रकार सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या मुली घेऊन इथे करायचा होता. एक संघ हळद, दुसरा गूळ. दहा जर्सी मला शिवायच्या होत्या, पाच पिवळ्या आणि पाच तपकिरी, पाठीवर नावांसकट.

मी फोनवर विचारलं, दोन्ही संघांत दोन्ही जिल्ह्यांच्या मुली असतील तर आम्ही सातारकरांनी ओरडायचं कुणासाठी? पलीकडचे गृहस्थ म्हणाले, खेळासाठी. माझा गोंधळ तिथून सुरू झाला.

रविवार, सातारा ते कुंडल

गठ्ठा पार्सलने पाठवता आला असता. पण माझी नणंद शोभावन्सं कुंडलला असते आणि तिच्या मुलीचं, ऋतुजाचं, नाव पिवळ्या जर्सीवर होतं. मापासाठी जर्सी एकदा तिच्या अंगावर घालून बघावी आणि मग सांगलीला जावं, असा माझा हिशेब. यादी जाहीर होईपर्यंत नावं कुणाला सांगू नका, असं मला बजावलं होतं. ती रविवारी संध्याकाळी जाहीर होणार होती.

कराडला गाडी बदलली. पुढे रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या अशा काही अडकल्या की एसटी पाऊण तास उभी. माणसं उतरून ऊस ओढून खायला लागली. ट्रॉलीवाला कुणाला काही बोलेना. साताऱ्यात पेरूच्या गाडीवरचा एक पेरू कुणी उचलला तर भांडण होईल. मीही एक कांडं खाल्लं आणि दिवसभर हात चिकट घेऊन बसले.

शोभावन्संचे यजमान, आमचे दाजी, निवृत्त हवालदार. पलटणीच्या संघातून बास्केटबॉल खेळलेले. शांतिसेनेबरोबर परदेशात होते तेव्हा तिथल्या छावणीत गोऱ्या शिपायांबरोबर बसून अमेरिकेतले सामने बघायची सवय लागली ती कायमची. परत आल्यावर त्यांनी गावातल्या शाळेच्या मैदानावर दोन खांब रोवून कड्या लावल्या आणि लेकीला शिकवलं. सामने ते घरच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, टीव्ही ठेवून बघतात आणि दार उघडं असतं. त्यामुळे कुंडलसारख्या कुस्तीच्या गावात म्हाताऱ्या पैलवानांना अमेरिकेतले संघ जर्सीच्या रंगांवरून ओळखता येतात. आमच्याकडे साताऱ्यात निवृत्त सैनिक कट्ट्यावर बसतात ते पेन्शन आणि क्रिकेट बोलतात. इथे मी चप्पल काढत होते तेव्हा कुणीतरी कुणाला सांगत होतं की यंदा हिरव्यांचं काही खरं न्हाई.

संध्याकाळी गठ्ठा सोडला. सोप्यात दहाबारा माणसं होती. त्यांत हिंदुराव आबा, सत्तरी ओलांडलेले, कान कुस्तीने चुरगळलेले. त्यांनी पिवळ्या जर्सी एकेक करून ओळीने मांडल्या, पाठीवरची नावं वाचली आणि मांडीवर थाप मारली.

"बसलं रं. सगळं पॅनेल बसलं."

ऋतुजा वाकून नावं बघत होती. तिने सगळी परत एकदा वाचली. मग तिने तपकिरी उलगडल्या. त्या वाचून झाल्यावर ती उभी राहिली.

"आबा, ह्या चौघींना मतं कुणी दिली?"

"आपुनच की. अगं, एका माणसाला पाच मतं. एक तुला. ऱ्हायली चार ती काय त्या साताऱ्याच्या मृणालला देऊन तिला मोठी करायची व्हय?"

मग मला सगळं समजलं, म्हणजे काय केलं ते समजलं. फोनवर प्रत्येकाने पाच मुली निवडायच्या होत्या. कुंडलमध्ये मतदान म्हटलं की ग्रामपंचायतच डोळ्यांसमोर येते. आपल्या माणसाला एक मत, आणि उरलेली मतं जो निवडून येण्यासारखा नाही त्याला टाकायची, म्हणजे विरोधी वर येत नाही. शोभावन्सं दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर बसली होती. कॅन घेऊन रांगेत येईल त्याचा फोन घ्यायचा, पाच नावं दाबायची, फोन परत. चार नावं आबांनी शोधून काढलेली, सगळ्यांत कच्च्या चार मुलींची. सगळ्या गावाची मतं एकाच ठिकाणी पडल्यावर त्या चौघी आल्याच वर.

नियमाचं पुढचं वाक्य मात्र कुणी वाचलं नव्हतं. मतांनी आलेल्या पहिल्या पाच जणींचा एक संघ, हळद. त्यांच्यासमोर प्रशिक्षकांनी निवडलेल्या पाच जणींचा दुसरा, गूळ. प्रशिक्षकांनी अर्थात उरलेल्यांतल्या सर्वांत चांगल्या मुली घेतल्या होत्या, मृणालसकट. गावाने मेहनत करून आपल्या पोरीच्या बाजूला चार कच्च्या मुली आणि समोर दोन जिल्ह्यांतल्या पाच पक्क्या मुली उभ्या केल्या होत्या.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण सामना बघायला एका सरकारी खात्याच्या महिला संघाच्या निवडकर्त्या बाई येणार होत्या. खेळाडूंच्या भरतीत त्यांच्याकडे एक जागा होती. चाचणीला कुणाला बोलवायचं ते त्या या सामन्यात ठरवणार होत्या. ऋतुजाचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. कॉलेज संपलं की तिचा संघ संपला, आणि संघ नसलेली मुलगी बघायला कुंडलच्या शाळेच्या मैदानावर कुणी येत नाही.

आबा बराच वेळ जर्सीच्या घड्या घालत राहिले. त्यांना घड्या घालता येत नाहीत, मी नंतर सगळ्या परत घातल्या. शेवटी त्यांनी दाजींना विचारलं की बदलता न्हाई का येणार. दाजी म्हणाले, मत दिलं ते दिलं. शोभावन्सं आत जाऊन भाकरी थापायला लागली. जेवायला वांग्याचं भरीत आणि खर्डा होता. 

सोमवार, सोप्यात आणि गुऱ्हाळावर

सकाळी सहालाच सोपा भरला. योगायोगाने त्याच सकाळी अमेरिकेतला तो मूळ सामना होता, आणि कालच्या प्रकारानंतर सगळ्यांना तो नीट बघायचा होता. मी चहा घेऊन मागे बसले.

सात-सात फुटी माणसं चेंडू घेऊन येत होती आणि समोरचे बाजूला होऊन त्यांना वाट देत होते. एकाने चेंडू कडीत घातला की दुसऱ्या संघातला हसून त्याच्या पाठीवर थापटायचा. मला वाटलं हा सराव आहे, सामना नंतर असेल. अर्ध्या तासाने आबा म्हणाले, "ही नुरा हाय."

नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून खेळलेली, लोकांना फसवायची कुस्ती. कुंडलमध्ये यापेक्षा वाईट शब्द नाही. दाजींनी समजावलं की यात फसवणूक नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. हा जलसा आहे. कुणी कुणाला दुखवायचं नाही, लोकांना हातसफाई दाखवायची, एवढंच.

"मग मैदान कशाला घ्यायचं?" आबा म्हणाले. "जेवायला बोलवायचं की."

त्यावर सोपा हसला, दाजीसुद्धा. मग त्यांनी खऱ्या अजिंक्यपदाबद्दल सांगितलं, म्हणजे मला बरं वाटावं म्हणून. ते जूनमध्ये असतं. त्यात मात्र जीव खाऊन खेळतात. पण अंतिम सामना एक नसतो, सातपर्यंत असतात, आणि चार जिंकेल तो विजेता. मी विचारलं, पहिला अंतिम सामना झाल्यावर तो अंतिम कसा? आबांनाही हे कधी पटलेलं नव्हतं. पाठ एकदा मातीला लागली की लागली, सात वेळा लावून बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आबांना खरं आवडते ती बर्फावरची हॉकी. दाजींनी फोनवर दाखवली. अंगावर गाद्या बांधलेली माणसं बर्फावर घसरत काठ्या घेऊन पळतात आणि मध्येच काठ्या टाकून मारामारी करतात. पंच लगेच मध्ये पडत नाही, थोडं होऊ देतो, मग दोघांना पाच मिनिटं बाहेर बसवतो. आबांच्या मते पंच असावा तर असा. तिथला अजिंक्यपदाचा चषक कमरेएवढा उंच आहे, आणि जिंकलेल्या संघातला प्रत्येक जण तो एकेक दिवस आपल्या घरी नेतो. मी विचारलं, घासून परत द्यायचा का? दाजींना हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

ऋतुजा यातल्या कशालाच हसली नाही. तिने अमेरिकेतला सामना शेवटपर्यंत बघितला आणि अंघोळीला गेली.

दुपारी ती मला गुऱ्हाळावर घेऊन गेली. कढईतून काकवी नुकतीच काढलेली होती. मी वाटीभर घेतली, आणि रंग गुळाशी जुळतो का ते बघायला पिशवीत घेतलेल्या तपकिरी जर्सीवर निम्मी सांडली. रंगात रंग मिळून गेला, वास राहिला. चिपाडांच्या ढिगावर बसून ती जर्सी पुसत असताना ऋतुजाने तिची अडचण सांगितली.

ती काही चेंडू कडीत टाकण्यासाठी प्रसिद्ध नाही. तिचं काम अडवणं. चेंडू घेऊन येणाऱ्या मुलीच्या पुढ्यात उभं राहायचं आणि तिला हवं ते करू द्यायचं नाही. गेल्या जिल्हा स्पर्धांत मृणालला अडवता आलेली ती एकटीच. आणि उद्याच्या सामन्यात कुणी कुणाला अडवायचं नव्हतं.

"मामी, आडवलं तर म्हणतील हिला रीत कळत न्हाई. न्हाई आडवलं, तर बाईंनी माझं काय बघायचं?"

 खांद्याची शिवण टोचते का, एवढं मी विचारलं. नाही म्हणाली.

मंगळवार, सांगली

कुंडलहून दोन जीप भरून माणसं निघाली. सांगलीत मार्केट यार्डाजवळ शिरलो आणि हळदीने एकामागून एक सगळे शिंकायला लागलो. आबांनी वाटेत भडंगाच्या पुड्या घेतल्या. भडंग आमच्याकडेही मिळतं, पण इथला लसूण नीट तळलेला असतो आणि दाताखाली येतो.

मैदानाला मांडव घातला होता. एका टोकाला हळदीची पोती, दुसऱ्या टोकाला गुळाच्या ढेपा, शोभेला. जर्सी वाटायचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे सगळ्या मुली जवळून बघितल्या. मृणाल माझ्याच गावची, उंच, बोलायला मऊ. काकवीवाली जर्सी नेमकी तिचीच निघाली. वास घेऊन म्हणाली, गुळाचा संघ म्हणून मुद्दाम लावलाय का? मी हो म्हणून टाकलं. हळदीच्या चौघी कावऱ्याबावऱ्या होत्या. एक वर्षभर राखीवच बसलेली, एकीने चार महिन्यांपूर्वी खेळ सुरू केलेला. आपल्याला एवढी मतं कशी पडली ते त्यांना कळत नव्हतं, पण घरची माणसं घेऊन आल्या होत्या. मी काही सांगितलं नाही.

निवडकर्त्या बाई पहिल्या रांगेत होत्या. डोक्यावर टोपी, मांडीवर थर्मास. वही दिसत नव्हती.

पहिला अर्धा भाग टीव्हीवरच्यासारखाच गेला. मुली हसत होत्या, पाठीमागून चेंडू देत होत्या, वाट सोडत होत्या. राखीववालीने एक चेंडू कडीत घातला आणि मांडवात बसलेल्या आईला हात केला. आई रडायला लागली. सातारकर कुठल्याही बाजूला काही झालं की टाळ्या वाजवत होते, मीही. मृणाल ऋतुजाच्या समोरून तीन वेळा गेली आणि तिन्ही वेळा ऋतुजा बाजूला झाली. आमच्या बाकांवरून आबांचा आवाज आला, "नुरा!" आणि कुंडलकर सगळेच ओरडायला लागले. आपल्या पोरीवर ओरडत होते की सगळ्यांवर, मला समजेना. निवडकर्त्या बाई चहा पीत होत्या.

मध्यंतरात दाजी तिच्याकडे गेले नाहीत. मी विचारलं, काही सांगायचं नाही का? ते म्हणाले, "तिला ठावं हाय."

खेळ पुन्हा सुरू झाला, मृणाल चेंडू घेऊन आली, आणि ऋतुजा गुडघ्यात वाकून तिच्यासमोर उभी राहिली. मृणाल डावीकडे वळली, ही डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. चेंडू हातातून गेला. मृणाल हसली, गंमत समजून. पुढच्या वेळेला परत तेच. निवेदक माइकवर म्हणाला की हा मैत्रीचा सामना आहे, प्रेक्षकांनी आनंद घ्यावा. तिसऱ्या वेळेला मृणाल हसली नाही.

खेळातलं मला काही कळत नाही, पण पुढची दहा-पंधरा मिनिटं मी भडंगाची पुडी हातात धरून तशीच बसले. मृणाल खरं खेळायला लागली. तोवर मी जी बघितली ती कुणी दुसरीच होती. ती थांबायची, सुटायची, हवेत वळायची, आणि प्रत्येक वेळी ऋतुजा तिथे असायची, कधी पुरायची, कधी नाही. इतर गूळवाल्याही पेटल्या. हळदीच्या चौघींची दाणादाण उडाली. राखीववाली आता खरंच रडत होती आणि तिची आई आमच्या बाकांकडे वळून बघत होती. फलकावर हळदीचे गुण गुळाच्या निम्मेसुद्धा नव्हते. बाईंनी थर्मासचं झाकण लावलं होतं आणि पर्समधून वही काढली होती.

हळद हरली. कुंडलकर जिंकल्यासारखे नाचत होते. आयोजकांतले एक गृहस्थ येऊन मला बोलले की तुमच्या भाचीने शोभेच्या सामन्याची शोभा घालवली, व्यापाऱ्यांना काय सांगू? मी त्यांना जर्सींचं माप बरोबर बसलं का ते विचारलं.

बाईंनी आधी मृणालला बोलावलं. मग ऋतुजाला. आम्ही दोरीपाशी उभे. ऋतुजा परत आली ती बूट सोडत बसली, आणि विचारल्यावर सांगितलं ते असं. जागा एक, नाव मृणालचं. चाचणी तीन आठवड्यांनी पुण्याला. बाई मृणालला म्हणाल्या होत्या, तू आज अर्धा वेळ खेळलीस आणि अर्धा वेळ फिरत होतीस. खेळलीस ती हिच्यामुळे. चाचणीला हिला बरोबर घेऊन ये, तुला अडवायला. आणि मृणालने तिथल्या तिथे ऋतुजाला विचारलं होतं की तोवर साताऱ्याला सरावाला येशील का.

"म्हंजी झालं का न्हाई झालं?" शोभावन्संने विचारलं.

कुणालाच सांगता येईना. आयोजक म्हणाले, चाचणीच्या यादीत नाव नाही म्हणजे नाही.  आबा एकटेच समाधानी होते. ते म्हणाले, पैलवान कितीबी मोठा असू दे, मैदानात एकटा काय करणार? त्याला जोड लागती. जोड म्हणजे बरोबरीचा, समोर उभा राहणारा. "पोरगी जोड म्हणून चालली हाय. आमच्यात जोड म्हणून नाव घेतलं की घरात पेढं वाटत्यात." शोभावन्संला हे पटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

बुधवार, परत

हे लिहीत असताना चाचणीला आठ दिवस आहेत. ऋतुजा माझ्याकडेच आहे. रोज पहाटे माझी स्कूटर घेऊन मैदानावर जाते, नऊला परत येते, आणि दुपारी युनिटवर येऊन काजं करते, कारण नुसतं बसायला तिला आवडत नाही. शेजारपाजारचे मृणालचं अभिनंदन करून येतात आणि मग आमच्या दारात थांबून विचारतात, ही पण निवडली गेली का? मी दर वेळी वेगळं उत्तर देते.

त्या बुधवारी येताना कराडला पकडलेल्या गाडीत खिडकीशी ती बसली होती, मांडीवर बूट. मी तिला सरळ विचारलं की निवड झाली की नाही ते मला एका शब्दात सांग, घरी तुझ्या मामांना काहीतरी सांगावं लागेल.

"न्हाई झाली, मामी."

"मग चाललीस कशाला?"

तिने नाडी ओढून बघितली, ती तुटायला आली होती.

"बाईंनी तिला बघायचं म्हणल्यावर आधी मला बघावं लागंल की."

कंडक्टर येऊन उभा होता. मी म्हटलं, दोन महिला, सातारा.